भय्याजींचं मत, कौशल्याबाईचा गुडघा

आमच्या गावात धान पिकतं, मोह फुलतो आणि भय्याजी कापगत्यांच्या डोक्यात मतं पिकतात. पहिल्या दोघांना हंगाम लागतो. तिसऱ्याला चंद्रकुमारच्या टपरीवरचा अर्धा कप चहा पुरतो.

साकोलीहून नागझिऱ्याच्या अंगाला यायला लागलं की तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, आमचं गाव लागतं. तिथं उतरून कोणालाही विचारा, भय्याजी कोण, तर आधी तो हसेल आणि मग बोट दाखवेल. सोसायटीतून सेक्रेटरी म्हणून निवृत्त झालेले, पांढरा पायजमा, खिशात दोन पेन आणि हातात मोबाईल. मोबाईलनं माणूस मूर्ख झाला, हे त्यांचं तंत्रज्ञानाबद्दलचं मत. ते त्यांनी मोबाईलवरच टाइप करून सगळ्यांना पाठवलं होतं. सगळे पक्ष सारखेच, हे राजकारणाबद्दलचं. ते सिद्ध करायला की काय, ते प्रत्येक पक्षाच्या मंचावर एकेकदा बसून आले होते. कायद्याबद्दल विचाराल तर कलमं तोंडपाठ. पण सगळ्यात लाडका विषय म्हणजे वैयक्तिक जबाबदारी. "प्रत्येकानं आपापली जबाबदारी ओळखली ना, तं देशाले पोलीस लागणार नाही," असं ते म्हणायचे. त्यांच्या न्हाणीचं पाणी मात्र गल्लीत वाहायचं. त्याची जबाबदारी ग्रामपंचायतीची.

हिशोब सरळ ठेवायचा तर जमेची बाजूही सांगितली पाहिजे. कोणाचा सातबारा अडला, कोणाच्या म्हातारीचं आधार बोटाचे ठसे घेईना, कोणाला तहसीलला जायचं आहे, की भय्याजी सोबत जायचे. चहासुद्धा स्वतःच्या पैशानं पाजायचे. म्हणूनच लोक हसायचे त्यांना आणि ऐकायचेही त्यांचंच. गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला तेव्हा ॲडमिन कोण, हा प्रश्नच कोणाला पडला नाही. ग्रुपचं नाव 'जागरूक ग्राम'. तेही त्यांचंच.

गेल्या दिवाळीत त्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. रस्त्याच्या कडेला एक माणूस बसलाय आणि वाघाच्या डोक्यावरून हात फिरवतोय. अख्खं गाव दोन दिवस तोंडात बोट घालून बघत होतं. तिसऱ्या दिवशी भय्याजींनी जाहीर केलं, "व्हिडिओ खोटा आहे. मशीननं बनवला. त्या मानसाच्या हाताची बोटं मोजा." लोकांनी मोजली. सहा निघाली. त्या दिवसापासून भय्याजी आमच्या पंचक्रोशीत खऱ्याखोट्याचे तज्ज्ञ झाले. आता बोटं मोजायची युक्ती नागपूरला नोकरी करणाऱ्या त्यांच्या कामिनीनं फोनवर सांगितली होती, हे कौशल्याबाईला माहीत होतं. पण लेकीची अक्कल बापाच्या नावावर चढते, याचं तिला काही नवल नव्हतं. लग्नापासून तिची स्वतःचीही तिकडेच चढत आली होती.

मग आला चैत आणि मोह गळायला लागला.

मोहाचं आमच्याकडे असं आहे. झाड जंगलात असलं तरी ते कोणाचं, हे गावाला ठाऊक असतं. ज्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या खालचा पालापाचोळा झाडून जागा साफ ठेवली, फुलं त्या घराची. फुलं गळतात पहाटे. उजाडायच्या आत गेलं नाही तर हरणं खातात, अस्वल खातं. वेचायला बायका जातात आणि जोडीनं जातात. एक वाकली की दुसरी उभी. उभी असलेलीनं टोपलं वाजवायचं, मोठ्यानं बोलायचं, गाणं म्हणायचं, सासूला शिव्या द्यायच्या, काहीही. पण उभं राहायचं. कारण वाकलेला माणूस जनावराला माणूस वाटत नाही. चार पायांचं काहीतरी वाटतं. थोड्या वेळानं पाळी बदलायची. पाठीलाही बरं आणि जिवालाही.

कौशल्याबाईची जोडी रुखमाशी. घराला घर लागून, मोहाला मोह लागून. मधल्या कुडाच्या भोकातून दोघींचं अर्धं आयुष्य इकडून तिकडे गेलेलं.

तर एका सकाळी वनखात्याच्या बीट गार्डनं ग्रुपवर फोटो टाकला. बीट गार्ड म्हणजे धर्मेंद्र रामटेके. पोरगा लाखनीकडचा, नोकरीला नवा, आणि हाका मारून मारून बोलायची सवय असलेला. फोटोत तलावाच्या पाळीवरून वाघीण चालली होती आणि मागे दोन पिल्लं. खाली लिहिलं होतं: 'पाळीकडच्या मोहाले काही दिवस कोनी जाऊ नका. पिल्लंवाली आहे.' एवढ्यावर न थांबता तो मोटारसायकलवर गावात आला आणि टपरीपाशी उभा राहून तोंडानंही सांगू लागला.

भय्याजींनी कप खाली ठेवला. "धर्मेंद्र, ये इकडं. हा वाघ राखाडी काहून आहे बे?"

"काका, रात्रीचा फोटो हाय. कॅमेरा झाडाले बांधला असते ना, तो अंधारात असाच काढते."

"अन् डोळे? डोळ्यात बल्ब लावले का तिच्या?"

टपरी हसली. चंद्रकुमारच्या हातातली गाळणी हलली.

"चमकतेत ना जी डोळे अंधारात," धर्मेंद्र म्हणाला. "मांजरीचे नाही चमकत का?"

"अन् सावली दाखव. पिल्लाले सावली नाही, मायले सावली नाही. अरे, सहा बोटाचा मानूस पकडला मी, हा राखाडी वाघ मले शिकवतं?"

"काका, तुमच्या पाया पडतो. मजाक नका करू. बायकाईले सांगा."

"मजाक तं तुमी लोकं करून राहिले," भय्याजींचा आवाज चढला. हा आवाज गावाला ओळखीचा होता. आता मत येणार. "वनहक्काचा कायदा वाचला का तू? मोह वेचायचा हक्क आमचा आहे. तो काढता येत नाही म्हून आता मशीनचे वाघ सोडता आमच्यावर. आज मोह बंद, उद्या तेंदूपान बंद, परवा गाव उठवा अन् हॉटेल बांधा. समजते आमाले राजकारन!"

आता खरं सांगायचं तर हे सगळंच काही पोकळ नव्हतं. हक्कासाठी गावानं हेलपाटे घातले होते, आणि ते घालणाऱ्यांत भय्याजी पुढे होते. खऱ्या दुखण्यावर त्यांनी चुकीचा लेप लावला, एवढंच. धर्मेंद्र बिचारा एकदा त्यांच्याकडे, एकदा लोकांकडे बघत राहिला आणि मोटारसायकलला किक मारून पुढच्या गावाला सांगायला गेला.

तो गेल्यावर भय्याजींनी ॲडमिनचा अधिकार वापरला. फोटो ग्रुपवरून काढून टाकला आणि त्याच्या जागी लिहिलं: 'अफवा पसरवणे हा गुन्हा आहे. ग्रुपवर काही आले तर ॲडमिनही जबाबदार धरला जातो. सदर फोटो मशीनने तयार केलेला असून मी तो जबाबदारीने हटवत आहे. जागरूक राहा.' त्यावर अंगठे आले, हात जोडलेले आले, हसून डोळ्यांत पाणी आलेली तोंडं आली. कोणाकोणाचं तोंड होतं ते विचारू नका. यादी वाचायला बसलो तर वाचणाराही त्यात सापडेल.

संध्याकाळी रुखमा कुडापाशी आली. भय्याजी अंगणात खाटेवर होते.

"भाऊजी, तो फोटो खोटाच हाय ना? आमचे हे म्हणते, जाऊ नको."

"तेजरामले काय समजते? शंभर टक्के खोटा."

"मंग जातो मी उद्या. मोहाची गरती लागली हाय बम. अंगन भरून फुलं पडून राहिले असतीन."

"बिनधास्त जा."

रुखमा गेली. भय्याजी खाटेवरच बसून राहिले. मोबाईल काढला. फोटो ग्रुपवरून गेला होता, पण त्यांच्या फोनमध्ये होता. बोटांनी मोठा करून बघितला. वाघिणीच्या मागं पाळीवरचा तो तुटका सिमेंटचा खांब दिसत होता, तिरका. आमच्याच पाळीचा. गेल्या पोळ्याला बैल धडकून वाकलेला. भय्याजींनी तो खांब पुष्कळ वेळ बघितला आणि फोन उपडा ठेवला.

जेवताना ते कौशल्याबाईला म्हणाले, "उद्या तू नको जाऊ मोहाले."

"काहून?"

"गुडघा दुखते ना तुझा."

"गुडघा थंडीत दुखते जी. आता चैत लागला. मस्त चालून राहिलो मी."

"माझं ऐक. दोन दिवस आराम कर."

कौशल्याबाईनं भाताची परात खाली ठेवली. "तो फोटो खोटा हाय म्हनता ना तुमी?"

"खोटाच आहे. पन गुडघा तं खरा आहे ना?"

नवऱ्याचं कोणतं बोलणं पोटातलं आणि कोणतं नुसतं ओठातलं, हे तिला कळायचं. तिनं ताकाचा पेला त्यांच्याकडे सरकवला. तिलाही वाटलं असेल, जाऊ दे, एक दिवस. मनातलं मनात राहिलं की त्याला जाब द्यावा लागत नाही, असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं.

पहाटे रुखमानं कुडातून हाक मारली. "वहिनी! उठले का?"

"रुखमा, मी नाही येत वो आज. गुडघा दुखते."

"अगे माय! तेल लावा. पडून राहा तुमी. तुमची बी फुलं मीच आनतो."

"तू बी राहू दे ना आज."

"हरनाले देऊ का सारे? येतो लवकर."

कौशल्याबाई दारापर्यंत आली होती. जोडीशिवाय जाऊ नको, फोटोचं माझ्या मनात आहे, एवढं वाक्य ओठापर्यंत आलं होतं. पण ते बोलायचं तर मग गुडघ्याचं काय सांगायचं? ती परत आत गेली आणि चुलीपाशी बसली. खरोखरच गुडघा धरून.

रुखमानं आपल्या मोहाखालची फुलं वेचली. मग कौशल्याबाईच्या मोहाखाली वाकली. पलीकडे लांब तेलघाण्यांच्या घरच्या बायका आपल्या मोहाखाली होत्या, त्यांनी आरोळी ऐकली आणि टोपली बडवत, बोंबलत धावल्या. वाघीण पिल्लांकडे निघून गेली. तिचं म्हणणं तेवढंच होतं. रुखमा जिवंत राहिली. उजवा खांदा आणि हात मात्र ओळखू येत नव्हता.

गाडी बोलवायला पहिला फोन भय्याजींनी केला. साकोलीहून पुढं भंडाऱ्याला हलवताना सोबत पैसे दिले, रक्त द्यायला माणसं जमवली. काम चोख. हे सगळं जमेत धरा. पण दुपारी टपरीवर परत आले तेव्हा त्यांना दोष ठेवायला कोणीतरी पाहिजे होतं. आणि नेमका त्याच वेळी धर्मेंद्र पंचनामा आटोपून गावात आला.

"कुठी होता तू?" भय्याजी ओरडले. "वाघ सोडून देता अन् मोबाईलवर फोटो टाकून मोकळे होता! दवंडी काहून नाही दिली? जबाबदारी कोनाची होती?"

बस. गर्दीला तेवढंच हवं होतं. कोणी धर्मेंद्रची गाडी आडवी केली, कोणी कॉलर धरली. कॉलर धरणाऱ्यांपैकी काहींचे अंगठे अजून ग्रुपवर होते.

धर्मेंद्रनं हात जोडले नाहीत, ओरडलाही नाही. फक्त म्हणाला, "काका, तुमी सांगा ना. मी आलो होतो का नाही इथं? ह्याच जागेवर उभा होतो ना?"

भय्याजींनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसला. चष्मा स्वच्छच होता. चंद्रकुमारनं खाली बघून उकळता चहा उगाच ढवळला. कोणीच हो म्हटलं नाही. कोणी नाही म्हणायचीही हिंमत केली नाही. कॉलर सुटली, पण अशी, की धरणाऱ्याला हात कुठं ठेवावा ते कळेना.

संध्याकाळपर्यंत निवेदन तयार झालं. लिहिणार कोण, तर भय्याजीच. 'संबंधित वनरक्षकाने गावास कोणतीही पूर्वसूचना न दिल्याने सदर दुर्घटना घडली. त्यास तात्काळ निलंबित करावे.' भाषा देखणी होती. सह्याही झाल्या. तेजराम तेवढा सही न करता दवाखान्यात होता. आणि गल्लीबोळात दुसरं एक निवेदन बिनसहीचं फिरत होतं, की रुखमाच हावरी; स्वतःचा मोह वेचून पोट नाही भरलं, दुसरीच्या झाडाखाली गेली, तिथंच वाघानं धरलं.

दुसऱ्या दिवशी कौशल्याबाई भंडाऱ्याला गेली. एकटीच, बसनं. सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात रुखमा पडली होती. खांद्यापासून बोटांपर्यंत पांढरं बांधलेलं, चेहरा औषधानं सुजलेला. खाटेशी तेजराम उकिडवा बसलेला. कौशल्याबाईला बघून रुखमानं डोळे उघडले. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते.

"वहिनी, बसनं आले? एवढ्या दूर?"

"हो वो."

"गुडघा कसा हाय आता?"

कौशल्याबाईनं तोंडावर पदर घेतला. तेजरामला वाटलं, जखम बघून रडू आलं.

"तेल लावता का नाही?" रुखमानं विचारलं. "तुमची फुलं सांडली सारी. टोपलं तिथंच राहिलं."

कौशल्याबाईनं तिच्या डाव्या हातावर हात ठेवला आणि ठेवून बसली. उठताना तेजराम म्हणाला, "वहिनी, फारेस्टचे साहेब येनार हायेत गावात. विचारतीन म्हनते, सूचना होती का नव्हती. मले इचारलं तं मी काय सांगू? फोटो तं मी पाह्यला होता. मीच हिले जाऊ नको म्हटलं होतं. पन भय्याजीइनं म्हटलं खोटा हाय..." आणि मग, जणू स्वतःचंच काही चुकलं असल्यासारखा घाईनं म्हणाला, "त्यायचं नाव नाही घेनार मी. पोरीच्या ॲडमिशनच्या वक्ताले लई मदत केली होती त्याइनं."

घरी आल्यावर भय्याजींनी विचारलं, "कशी आहे?"

"गुडघ्याचं इचारलं तिनं," कौशल्याबाई म्हणाली आणि पाण्याला गेली. भय्याजींना जगातल्या कोणत्याही गोष्टीवर तासभर बोलता येत होतं. या तीन शब्दांवर एकही मत सुचेना.

साहेब आले. सभा ग्रामपंचायतीसमोरच्या पटांगणात, लिंबाखाली. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मधे टेबल. साहेबांनी निवेदन वाचलं आणि चष्म्यावरून बघितलं. "यात म्हटलंय, गावाला सूचनाच दिली नाही. हे खरं असेल तर या पोरावर कारवाई होईल. नोकरीही जाऊ शकते. आणि सूचना मिळाली असेल, तर जखमी बाई सूचना असताना का गेली, हे लिहावं लागेल. दोन्हीपैकी काय आहे, ते मला गावाकडून पाहिजे."

धर्मेंद्र टेबलाच्या कडेला उभा होता. कॉलरचं बटण तुटलेलं, तसंच.

म्हणजे पारडं सरळ होतं. एकात धर्मेंद्र, दुसऱ्यात रुखमा. सूचना नव्हती म्हणा तर पोराची नोकरी गेली. होती म्हणा तर बाई हावरी ठरली. तिसरंही एक वजन होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं. ते पांढरा पायजमा घालून पहिल्या रांगेत बसलं होतं.

"भय्याजी, तुमी बोला," मागून कोणीतरी म्हणालं. नेहमीसारखंच.

भय्याजी उठले. खाकरले. "साहेब, प्रश्न एका मानसाचा नाही. प्रश्न व्यवस्थेचा आहे. आजच्या युगात खरं काय, खोटं काय, सामान्य मानसाले समजत नाही. मोबाईल आला, पन शिक्षन आलं नाही. कायदा आहे, अंमलबजावनी नाही. तवा ही सामूहिक जबाबदारी म्हनता येईल. सूचना... सूचना एका अर्थी आली होती, अन् एका अर्थी नाही आली. संभ्रमाचं वातावरन होतं..."

साहेबांनी पेन उचललं होतं, ते परत ठेवलं. "वातावरण कोणी केलं होतं?"

"तेच म्हनून राहिलो, साहेब. एकंदर परिस्थितीनं."

तेवढ्यात बायकांकडून कोणीतरी उठलं. कौशल्याबाई. आमच्या सभेत बायका उठल्या तर पाणी प्यायला उठतात, म्हणून पहिल्यांदा कोणी लक्ष दिलं नाही. पण ती घागरीकडे गेली नाही. अख्खं पटांगण ओलांडून, ताठ, झपझप चालत टेबलापाशी आली. भरभर आणि सरळ. लंगडली नाही, कुठं टेकली नाही. मागं बसलेल्या बायकांमध्ये कुजबुज झाली आणि एकदम थांबली. मोहाच्या दिवशी ती का आली नव्हती, हे त्या सगळ्यांना पाठ होतं.

"साहेब," ती म्हणाली, "माझा गुडघा दुखत नाही. लिहून घ्या."

साहेबांना काही कळेना. "बाई, गुडघ्याचा इथं काय संबंध?"

"तो हे सांगतीन," ती म्हणाली. नवऱ्याकडे बघितलं नाही. तिथंच उभी राहिली, पदर खांद्यावर घट्ट ओढून. वाकलेलीजवळ दुसरीनं उभं राहावं तशी. फक्त उशिरा.

भय्याजी उभेच होते. हात खिशाकडे गेला, पेन चाचपलं, परत आला. लिंबाची पिवळी पानं गळत होती आणि एक त्यांच्या खांद्यावर पडलं. ते त्यांनी झटकलं नाही.

"फोटो आला होता, साहेब," ते म्हणाले. आवाज सभेचा नव्हता. मागच्यांना ऐकू गेला नाही म्हणून लोक पुढं सरकले. "ह्या पोरानं टाकला होता. तोंडानं बी सांगितलं, टपरीवर येऊन. मी खोटा म्हटलं. मी तो काढून टाकला. गावाले सांगितलं, जा म्हनून. रुखमा मले इचारायले आली होती. तिले मी म्हटलं, बिनधास्त जा."

"का? तुम्हाला खोटा वाटला?"

इथं हो म्हणायला जागा होती. चुकीला माफी असते. माणूस फसतो, मशिनीच तशा आल्यात, साहेबही मान हलवून पुढं गेले असते. कोण जाणे, भय्याजींनीही ती जागा पाहिली असेल. वाटा त्यांना सगळ्या माहीत असायच्या.

"सकाळी वाटला होता," ते म्हणाले. "संध्याकाळी नाही. मांगं पाळीवरचा आपला वाकडा खांब दिसला मले. समजलं होतं. पन सकाळी सगळ्यापुढं बोलून बसलो होतो. आता शब्द फिरवू कसा? म्हून... म्हून बायकोले घरी ठेवलं. गुडघा दुखते म्हनायले लावलं. लोकाच्या बाईले मत दिलं अन् आपल्या बाईले..."

पटांगणात कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवशी अंगठे दाखवणारे, कॉलर धरणारे, हावरी म्हणणारे, सगळे आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत होते. साहेब लिहीत होते, पेनाचा आवाज येत होता. लिहून झाल्यावर त्यांनी कागद फिरवला. "सही करा. परिणाम होतील, हे कळतंय ना?"

"कायदा माहीत आहे मले," भय्याजी म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य त्यांनी मान खाली घालून म्हटलं. सही केली. मग धर्मेंद्रकडे वळले, पण त्याच्या तुटलेल्या बटणापाशी नजर अडकली ती वर गेलीच नाही. धर्मेंद्रच म्हणाला, "बसा काका, पानी प्या." त्या पोराचं हे बोलणं त्यांना कॉलर धरण्याहून जड गेलं असणार.

ग्रुपवरून त्या संध्याकाळी एकेक अंगठा काढला जाऊ लागला. गुपचूप. असं मागं जाऊन आपलं हसू पुसून घ्यायची सोय तंत्रज्ञानानं केली आहे, हे तेव्हा गावाला नव्यानं कळलं. भय्याजींनी आपलं लिहिलेलं मात्र ठेवलं. 'मी तो जबाबदारीने हटवत आहे.' अजूनही वर सरकवत गेलं तर सापडतं.

दोन दिवसांनी ते भंडाऱ्याला गेले. कौशल्याबाई सोबत होती, पण बसमध्ये दुसऱ्या सीटवर. वॉर्डाच्या दारात भय्याजी थांबले. तेजरामनं बघितलं आणि तो उठून बाहेर निघून गेला, त्यांच्या अंगावरून. सभेत काय झालं ते त्याला कळलं होतं. हे त्यानं योग्यच केलं.

रुखमाला कळलं होतं की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून समजत नव्हतं. ती छताकडे बघत होती. भय्याजी खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. बसमध्ये दोन तास जुळवलेली वाक्यं होती. माफीची, जबाबदारीची. "रुखमा," ते म्हणाले, आणि तिथंच थांबले.

तिनं मान वळवली. मग नजर आपल्या बांधलेल्या हाताकडे नेली, बोटांची टोकं बाहेर होती तिथं. निळसर, हलत नसलेली.

"भाऊजी," तिनं विचारलं, "डाक्टर नीट सांगत नाही. हा हात चालल का पुन्हा? तुमाले काय वाटते?"

कौशल्याबाई खिडकीशी उभी होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं. कुठल्याही गोष्टीवर मत असलेला तो माणूस खाटेची लोखंडी दांडी धरून उभा होता.

"मले नाही माहीत, रुखमा," भय्याजी म्हणाले. "मले काहीच नाही माहीत."